घाई नेमकी कुणाला?

अकरावे वर्ष चालू असताना ज्याची पहिली शास्त्रीय नोंद छापून आली, त्याच माणसाने पुढे आयुष्यभर सांगितले की मुलांच्या बुद्धीला ढकलू नका. ज्याँ पियाजे यांचे बालपण ‘बालप्रज्ञावंता’च्या हौसेने झपाटलेल्या पालकांनी, शाळांनी आणि वर्तमानपत्रांनीही पुन्हा वाचावे असे आहे.

१९०७ साली स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल येथील निसर्गप्रेमींच्या एका छोट्या नियतकालिकात जेमतेम एका पानाची नोंद छापून आली. विषय होता बागेत दिसलेली पांढरी चिमणी. नोंद लिहिणाऱ्या शाळकरी मुलाचे नाव ज्याँ पियाजे. जन्म ऑगस्ट १८९६ चा, म्हणजे अकरावे वर्षही पुरते झालेले नव्हते. ही नोंद म्हणजे काही मोठा शोध नव्हता. पण आपण काहीतरी पाहिले, ते लिहिले आणि ते छापून आले, एवढ्या भांडवलावर या मुलाने गावच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या संचालकांना पत्र लिहिले. संग्रहालय बंद झाल्यावर मला तुमचे नमुने अभ्यासू द्याल का, असे त्याने विचारले.

संचालक पॉल गोदे शंखशिंपल्यांचे जाणकार होते. त्यांनी मुलाला हाकलले नाही आणि डोक्यावरही घेतले नाही. आठवड्यातून दोनदा ये आणि शंखांना चिठ्ठ्या लावायला मदत कर, असे सांगितले. मोबदला म्हणून ते त्याला त्याच्या संग्रहासाठी दुर्मीळ नमुने देत आणि शंख कसा ओळखायचा, वर्णन कसे लिहायचे हे शिकवत. हा क्रम सुमारे चार वर्षे चालला. १९११ मध्ये गोदे वारले. तोवर ज्याँ गोगलगाईंवर स्वतंत्रपणे लिहू शकेल इतका तयार झाला होता.

पुढच्या काही वर्षांत त्याचे लेख शास्त्रीय नियतकालिकांत येऊ लागले. लेखक कोणी प्रौढ अभ्यासक असावा असे परदेशी वाचकांना वाटे. काहींनी भेटीची इच्छा दाखवली तेव्हा या शाळकरी मुलाची पंचाईत झाली. जिनिव्हाच्या संग्रहालयातून तर मृदुकाय प्राण्यांच्या विभागाची जबाबदारी घेण्याविषयी विचारणा आली. त्याला कळवावे लागले, की माझी शालान्त परीक्षा व्हायला अजून दोन वर्षे आहेत. एका संपादकाने वय कळताच त्याचा लेख नाकारला. तेव्हा जिनिव्हाच्या त्याच संचालकांनी त्याला धीर दिला. लेखाची किंमत लेखकाच्या वयावरून ठरवणारा संपादक आपण प्रथमच ऐकतो आहोत, असे त्यांनी कळवले.

पुढे बालमानसशास्त्राचा चेहरामोहरा बदलणाऱ्या संशोधकाची ही सुरुवात. आपल्याकडे डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या प्रत्येकाने पियाजे हे नाव आणि त्यांच्या विकासाच्या चार अवस्था परीक्षेसाठी पाठ केलेल्या असतात. हे उत्तर लिहून मोकळे होणाऱ्यांना त्या अवस्था मांडणारा माणूस स्वतः एक ‘चमत्कारी मूल’ होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

आज ते आठवण्याचे कारण आहे. निकालांच्या मोसमात आणि एरवीही आपल्याकडे बालप्रज्ञावंतांच्या बातम्यांना तोटा नसतो. अमुक वर्षांच्या मुलाने पुस्तक लिहिले, तमुक इयत्तेतल्या मुलीचा शोधनिबंध छापून आला. मूल हुशार असते, त्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण आता या कौतुकाभोवती बाजारही उभा राहिला आहे. पैसे भरले की शाळकरी मुलाला ‘संशोधक’ करून देणारे वर्ग आहेत, पैसे भरले की लेख छापणारी नियतकालिके आहेत आणि पैसे भरले की विक्रमाचे प्रमाणपत्र देणारेही आहेत. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात शोभेल अशी ओळ मिळवण्यासाठी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची धावपळ चालते. त्यात मानसशास्त्र हा विषय विशेष सोयीचा ठरतो. प्रयोगशाळा लागत नाही. मित्रमैत्रिणींकडून एक प्रश्नावली भरून घेतली की निबंध तयार. अशा वेळी पियाजेचे उदाहरण ‘बघा, लवकर सुरुवात केली तर काय होते’ म्हणून सांगण्याचा मोह होईल. पण त्याची गोष्ट नीट वाचली तर तिचा अर्थ जवळजवळ उलटा निघतो.

एक तर ज्याँच्या वाट्याला आलेले प्रौढ पाहा. गोदेंनी त्याला चार वर्षे चिठ्ठ्या लावायला बसवले. काम कंटाळवाणे होते, पण त्यातूनच नजर तयार होते. दोन शंखांमधला फरक दिसायला लागण्यासाठी शेकडो शंख हाताळावे लागतात आणि याला जवळची वाट नाही. त्या चार वर्षांत त्याच्या नावाचा गाजावाजा झाला नाही.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. आपण इतक्या लहानपणी खेळ सोडून गंभीर कामाला का लागलो, याचा शोध पियाजेंनी पुढे आत्मचरित्रपर लेखात स्वतःच घेतला. वडील मध्ययुगीन साहित्याचे शिस्तशीर अभ्यासक होते. आई बुद्धिमान आणि मायाळू होती, पण तिच्या मानसिक अस्वास्थ्यामुळे घरातले वातावरण ताणाचे असे. वडिलांचे अनुकरण करायचे आणि घरातल्या ताणापासून दूर, स्वतःच्या पण खऱ्या अशा जगात आसरा घ्यायचा, असा आपला तो मार्ग होता, असे त्यांनी लिहिले आहे. म्हणजे ज्या एकाग्रतेचे आपण कौतुक करतो तिच्यामागे कधी आनंद असतो, तर कधी लपण्याची जागा शोधणारे मूल असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ओळखण्यासाठी जवळच्या माणसाने थांबून पाहावे लागते.

त्याच वयात त्याला मनाच्या कारभाराचा एक विलक्षण धडाही मिळाला. तो अगदी लहान असताना दाई त्याला पॅरिसच्या रस्त्यावर बाबागाडीतून नेत होती, एका माणसाने त्याला पळवण्याचा प्रयत्न केला आणि तिने झटापट करून त्याला वाचवले, हा प्रसंग त्याला स्पष्ट ‘आठवत’ असे. दाईच्या चेहऱ्यावरचे ओरखडेसुद्धा डोळ्यांपुढे दिसत. तो सुमारे पंधरा वर्षांचा असताना त्या दाईचे आईवडिलांना पत्र आले. सारी गोष्ट आपण रचली होती, असे कबूल करून तिने बक्षीस मिळालेले घड्याळ परत केले. घडलेच नव्हते, ते त्याला दिसत होते. घरच्यांकडून ऐकलेल्या कथेतून त्याच्या मनाने चित्र तयार केले होते. स्मृती ही कपाटात ठेवलेली वस्तू नसून मन ती घडवत असते, हे त्याला पुस्तकाआधी स्वतःच्या अनुभवातून कळले.

तिसरी गोष्ट चुकांची. गोगलगाईंच्या जाती ठरवण्यावरून या किशोराचा रोश्कोव्स्की नावाच्या पोलिश संशोधकाशी छापील वाद झाला. ज्याँचा भर शंखाच्या आकारावर होता. आनुवंशिकतेच्या नव्या शास्त्राची त्याची समज कच्ची होती आणि वादात ते उघड झाले. मुलगा फारच एका विषयात अडकला आहे असे वाटून त्याच्या धर्मपित्याने त्याला ॲनसी सरोवराकाठी नेले आणि बर्गसाँ या तत्त्वज्ञाची ओळख करून दिली. या नव्या वेडाने तो इतका भारला, की वाचन आणि लिखाणाच्या अतिरेकात प्रकृती ढासळली. विशीच्या आसपास त्याला वर्षाहून अधिक काळ डोंगरातल्या हवेत काढावा लागला. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्याने एक तत्त्वचिंतनात्मक कादंबरी लिहिली. १९१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि फारशी कोणी वाचली नाही. त्याच वर्षी त्याला गोगलगाईंवरील प्रबंधासाठी डॉक्टरेट मिळाली. आपले किशोरवयातले लेखन अकाली होते, हे पियाजेंनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. पुराव्याशिवाय बोलू नये ही सवय मात्र त्यातूनच लागली, असेही सांगितले.

आता याच काळातले दुसरे मूल पाहा. विल्यम जेम्स सायडिसचा जन्म १८९८ चा, न्यूयॉर्कमधला. वडील बोरिस सायडिस हे नावाजलेले मानसशास्त्रज्ञ. योग्य पद्धतीने वाढवले तर कोणत्याही मुलाची बुद्धी लवकर फुलते, असा त्यांचा दावा होता आणि मुलगा हा त्या दाव्याचा चालताबोलता पुरावा. १९०९ मध्ये अकराव्या वर्षी तो हार्वर्डमध्ये दाखल झाला. पुढच्याच जानेवारीत त्याने तेथील गणितज्ञांपुढे चार मितींच्या आकृत्यांवर व्याख्यान दिले. वर्तमानपत्रांनी त्याला उचलून धरले आणि मग कधी सोडलेच नाही. पदवी मिळाल्यानंतर काही वर्षांतच तो या साऱ्यापासून पळू लागला. कारकुनी नोकऱ्या केल्या, ट्रामची तिकिटे गोळा केली, एकांत जपला. १९३७ मध्ये एका प्रतिष्ठित साप्ताहिकाने ‘सध्या ते काय करतात’ या थाटात त्याला पुन्हा चव्हाट्यावर आणले. खासगीपणाच्या हक्कासाठी तो न्यायालयात गेला आणि हरला. एकदा सार्वजनिक झालेल्या व्यक्तीबद्दल लोकांना कुतूहल असणारच, असा निर्वाळा मिळाला. १९४४ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने तो गेला, वय अवघे ४६. सायडिस ‘अपयशी’ होता असे म्हणणे हा त्याच्यावर आणखी एक अन्याय ठरेल. साधे आयुष्य जगणे हा गुन्हा नाही. पण त्याच्या बालपणी त्याला संशोधनाचा विषय करणारे वडील आणि बातमीचा विषय करणारी वर्तमानपत्रे, या दोघांनीही त्याला विचारले नव्हते. आम्ही वर्तमानपत्रवाल्यांनी ही गोष्ट विसरू नये.

पियाजेंची मानसशास्त्रातली खरी सुरुवात झाली ती डॉक्टरेटनंतर, पॅरिसमध्ये. आल्फ्रेड बिने यांनी तेथे बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त चाचणी तयार केली होती. बिने वारल्यावर त्यांचे सहकारी थिओदोर सिमाँ यांनी विशीतल्या या तरुणाला काम दिले, ते इंग्रज मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांच्या तर्कचाचण्या पॅरिसच्या मुलांसाठी प्रमाणित करण्याचे. कोणत्या वयाची किती मुले बरोबर उत्तर देतात एवढे मोजायचे. पियाजेंना कंटाळा आला. मग त्यांचे लक्ष चुकीच्या उत्तरांकडे गेले.

त्यातला एक प्रश्न असा होता: एडिथ सुझनपेक्षा उजळ आहे, पण लिलीपेक्षा गडद आहे, तर तिघींत सर्वांत गडद कोण? उत्तर आहे सुझन. पण पुष्कळ मुले लिली म्हणत. पियाजेंनी गुण कापून पुढे जाण्याऐवजी मुलांशी गप्पा मारल्या. तेव्हा कळले की मूल ‘पेक्षा’ हा संबंध धरतच नव्हते. एडिथ आणि सुझन उजळ, एडिथ आणि लिली गडद, असे गट ते करत होते. मग लिली नुसतीच गडद, सुझन नुसतीच उजळ आणि एडिथ मधली. उत्तर खऱ्याच्या बरोबर उलटे, पण त्यामागे रीतसर विचार आहे. मूल म्हणजे कमी माहिती असलेला छोटा प्रौढ नव्हे, त्याच्या विचाराची घडणच वेगळी असते, ही पियाजेंच्या पुढच्या साठ वर्षांच्या कामाची बीजकल्पना या चुकांमधून आली.

हा लेख वाचून एदुआर क्लापारेद यांनी त्यांना १९२१ मध्ये जिनिव्हाच्या रूसो संस्थेत बोलावले. तिशीच्या आत त्यांची पुस्तके जगभर पोहोचली. याबद्दलही त्यांना पुढे खंत वाटली. ही पुस्तके आपण कच्चा मसुदा म्हणून छापली, लोकांनी मात्र ती आपला शेवटचा शब्द असल्यासारखी चर्चेला घेतली, असे त्यांचे म्हणणे होते. लवकर छापून येण्याची किंमत इतक्या प्रामाणिकपणे फार थोड्यांनी सांगितली असेल.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग घरी करता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्या आणि चार-पाच वर्षांच्या मुलाकडून दोन्हीकडे सारखेच आहे हे वदवून घ्या. मग त्याच्यादेखत एका पेल्यातले पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओता आणि जास्त कुठे आहे ते विचारा. बहुतेक मुले उंच पेल्याकडे बोट दाखवतात. पाणी तेच आहे असे तुम्ही दहा वेळा सांगितलेत, तर मूल उत्तर पाठ करेल, पण त्याला ते पटलेले नसेल. दोनएक वर्षांनी तेच मूल या प्रश्नाला हसते. पियाजेंची सर्व मांडणी टिकली असे नाही. १९७४ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका प्रयोगात मोठ्या माणसाऐवजी एका ‘खोडकर अस्वला’ने वस्तूंची मांडणी बिघडवली, तेव्हा कितीतरी अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले. प्रौढाने तोच प्रश्न पुन्हा विचारला की आपले आधीचे उत्तर चुकले असावे, असे मुलांना वाटते हे त्यातून दिसले. अगदी लहान बाळांनाही पियाजे समजत होते त्याहून बरेच काही कळते, हे पुढच्या संशोधकांनी दाखवले. पण मुलाच्या चुकीकडे आदराने पाहण्याची त्यांची रीत कुणालाच मोडीत काढता आली नाही.

आणि मग तो प्रश्न. अमेरिकेत व्याख्याने देताना त्यांना हमखास विचारले जाई, की या अवस्था लवकर उरकता येतील का? पियाजे याला गमतीने ‘अमेरिकन प्रश्न’ म्हणत. त्यावर ते मांजराच्या पिलांचे उदाहरण देत. नजरेआड झालेली वस्तू नाहीशी झालेली नसते, हे कळायला मानवी बाळाला अनेक महिने लागतात. मांजराचे पिलू हे फार लवकर शिकते, पण पुढे फारसे जात नाही. मग बाळाचे ते जादा महिने वाया गेले म्हणायचे का? गती जास्त म्हणजे पल्ला जास्त असे नव्हे, हे सांगणारा माणूस कोण होता तर दहाव्या वर्षी लिहिता झालेला!

तो प्रश्न आता अमेरिकेचा राहिलेला नाही. आपल्या महाराष्ट्रात २०१५ च्या सुमारास ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द घराघरांत पोहोचला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. मूल स्वतःचे ज्ञान स्वतः रचते हा त्यामागचा विचार मुळात पियाजेंकडून आलेला. फरशीवर आकृत्या रंगल्या, हे चांगलेच झाले. पण चुकलेल्या उत्तरावर ‘तुला असे का वाटले?’ असे विचारायला वेळ किती वर्गांत मिळतो? चाचणीच्या तक्त्यात बरोबर उत्तराचा रकाना असतो, विचाराचा नसतो. हुशार मुलांचा विचारही आपल्याकडे नवा नाही. पुण्यात १९६२ मध्ये ज्ञानप्रबोधिनी सुरू करणारे अप्पा पेंडसे हे मानसशास्त्राचेच अभ्यासक होते आणि बुद्धिमत्तेला सामाजिक जाणिवेची जोड हवी, हा त्यांचा आग्रह होता. ही परंपरा असताना आपण प्रज्ञेचे मोजमाप ‘किती लहान वयात’ एवढ्यावर आणून ठेवले, हे दुर्दैव.

लवकर केलेली निवड किती फसवी असते याचाही दाखला आहे. लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात चाचण्या घेऊन दीड हजारांहून अधिक कुशाग्र मुले निवडली आणि त्यांच्या आयुष्याचा माग ठेवला. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोन मुलांचे गुण कमी पडले म्हणून ती वगळली गेली. पुढे या दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, १९५६ आणि १९६८ मध्ये.

मग हुशार मुलाचे करायचे काय? त्याला अडवायचे मुळीच नाही. वय कमी म्हणून लेख नाकारणारा संपादक आणि वय कमी म्हणून लेख डोक्यावर घेणारा संपादक, दोघेही लेख वाचत नसतात. मुलाला विषयातले एक जाणते माणूस गाठून द्यावे, जे कौतुकापेक्षा काम देईल आणि चूक दाखवील. मानसशास्त्राची आवड असेल तर प्रश्नावलीआधी निरीक्षण शिकवावे. धाकट्या भावंडाचे खेळणे, आजीचे विसरणे वहीत टिपून ठेवायला पैसे पडत नाहीत. प्रश्नावली केलीच तर समोरच्याची संमती घ्यायची आणि त्याचे उत्तर गुप्त ठेवायचे, हे आधी शिकवावे. छापण्याची घाई नको. पैसे मागणारे नियतकालिक तर नकोच.

आणि प्रकृतीचे पाहावे. १३ ते १८ वयातल्या मुलांना दिवसाला आठ ते दहा तास झोप लागते. बुद्धी कितीही तल्लख असली तरी यातून सूट नाही. मूल मित्र टाळू लागले, भूक मंदावली, परीक्षेआधी किंवा कार्यक्रमाआधी पोट दुखू लागले, आवडीच्या विषयाचाही कंटाळा येऊ लागला, तर ‘अभ्यासात बुडाला आहे’ म्हणून खूश होऊ नये. त्याच्याजवळ बसावे, गरज वाटली तर समुपदेशकाला भेटावे. सरकारची ‘टेलि मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मदत मागणे म्हणजे मुलाची हुशारी कमी झाल्याची कबुली नव्हे.

न्यूशातेलच्या त्या मुलाने पांढरी चिमणी पाहिली, तेव्हा ती कुणाला दाखवून बक्षीस मिळेल हा विचार त्याच्या मनात नव्हता. चिमणी वेगळी होती, म्हणून त्याने लिहिले. आपल्या मुलांनाही अशा चिमण्या दिसत असतात. त्या पाहायला त्यांना रिकामी दुपार लागते आणि ‘काय पाहिलेस?’ असे विचारून उत्तर संपेपर्यंत गप्प बसणारे मोठे माणूस लागते. घाई मुलांना नाहीच. ती आपल्याला आहे आणि ती आवरणे आपल्याच हाती आहे.